आठ सुया आणि उजवा हात

नंदनवन, नागपूर
१४ जून १९८१

दादास जय भीम,

तू आणि वहिनी आलापल्लीला सुखरूप पोचल्याचं एसटीच्या कंडक्टरनं दुकानात येऊन सांगितलं. मी त्याला तसं बजावूनच ठेवलं होतं. बदल्यात त्याच्या घड्याळाचा पट्टा बदलून दिला.

आता पावसाळाभर तुमच्याकडच्या नाल्यांवरून गाडी निघेल की नाही, भरवसा नाही. दिवाळीपर्यंत मला येता येणार नाही. म्हणून तोंडी सांगितलेलं परत लिहून पाठवतो. जानेवारीत तुला लकवा मारला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही लाकूड होते. मार्च ते मे, मी रविवारी मदतीला जातो त्या डॉक्टर साहेबांच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात सदतीस वेळा सुया झाल्या. पाय हलला, काठी धरून तू माझं अंगण ओलांडलंस. हात मात्र खांद्यापर्यंतच जागा झाला, बोटं राहिली. ती आता घरी पुरी करायची आहेत. पाय कितीही चांगला झाला तरी फळ्यावर खडू पायानं धरत नाहीत.

सुया आठ. चार हाताला, चार पायाला. सोबत कागदावर माणसाचं चित्र काढलं आहे, प्रत्येक जागेवर लाल ठिपका दिला आहे. वहिनीला वाचता येत नाही, म्हणून चित्र. डॉक्टर साहेबांसमोर वहिनीनं दोन महिने सुया लावल्या आणि एकही चुकली नाही, म्हणूनच त्यांनी परवानगी दिली, हे मी मान्य करतो. पण समोर कोणी असणं वेगळं. खालचा मजकूर तू वाचून दाखवत जा.

सुया वीस मिनिटं उकळाव्या. एक दिवसाआड लावाव्या. वीस मिनिटं ठेवाव्या, दर पाच मिनिटांनी अर्धा वळसा द्यावा, जास्त नाही. नंतर चिंधीचा चेंडू मुठीत दाबायचा. डॉक्टर साहेब म्हणतात, सुई रस्ता मोकळा करते, चालायचं पेशंटनंच. आणि वचन कोणी कोणाला देऊ नये. ते डॉक्टर आहेत, त्यांना तसं म्हणावं लागतं. मी घडीसाज आहे. ज्या घड्याळाचा काटा एकदा हलला ते चालतंच. कुठे अडतं, तेवढं शोधावं लागतं.

अंगठा तर्जनीपासून किती लांब जातो ते दर आठवड्याला दोऱ्यानं मोजून कळव.

तुझा
लहानू


आलापल्ली
५ जुलै १९८१

चि. लहानूस आशीर्वाद.

पत्र आणि चित्र मिळालं. अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी खाली उतरतात, सांभाळून घे. आधी पत्र लिहवून घ्यायला पोस्टात जाऊन बसावं लागे. आता ते घरीच होतं.

पाय बरा आहे. काल हातपंपापर्यंत गेलो. शाळेची खिडकी तिथून दिसते. बदलीवर आलेला मास्तर पोरगेला आहे, पाढे घाईत म्हणवून घेतो. पोरं मला पाहून उभी राहिली तेव्हा तो गोंधळला.

खांदा वर जातो. दोरा मोजला, पुढे लिहीन. जयवंता सुया नेमानं लावते. उकळताना तू दिलेलं घड्याळ समोर ठेवते आणि कोणाशी बोलत नाही.

आज एवढंच.

शालिकराम


नंदनवन, नागपूर
१९ जुलै १९८१

दादास जय भीम,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका बाईचं मनगटी घड्याळ उघडून बसलो होतो. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि चिमट्यातला स्क्रू उडाला. तो अजून सापडला नाही. सापडला नाही तरी चालेल.

दादा, तुझं अक्षर! बोटं चालली आणि तू दोन ओळींत 'सांभाळून घे' म्हणून मोकळा झालास. तुझा स्वभावच तसा.

मी उगाच बोलत नाही. डोळ्याला भिंग लावून पत्र दोनदा पाहिलं. 'ळ'ची खालची गाठ मोठी, 'श'चा पाय डावीकडे वळलेला, 'क्ष' एका झटक्यात काढलेला. ही वळणं तुझीच. दुसऱ्या कोणाला नाही कळणार, मला कळतात. तू शाळेतून यायचास आणि मी तुझ्या पाटीवरचं पुसायच्या आधी गिरवून घ्यायचो. हात थरथरला आहे, तो थरथरणारच. पण पहिल्या ओळीत शिरोरेषा सात ठिकाणी तुटली आहे आणि शेवटच्या ओळीत तीनच ठिकाणी. म्हणजे लिहिता लिहिता बोटं मोकळी होत गेली.

पत्र डॉक्टर साहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "हात पाहिला का?" मी म्हणालो, साहेब, अक्षर पाहिलं, त्यात हात आलाच. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, ठेवा फायलीला.

दर रविवारी दवाखान्यात भैयाजी म्हणून एक पेशंट येतो. कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचा. त्याचीही उजवीच बाजू गेली आहे. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, माझा दादा जंगलात राहून लिहून राहिला, आणि तू नागपुरात राहून वाटी उचलत नाहीस. तो खाली पाहत बसला. लागलं असेल मनाला, लागलेलं बरं.

'दोरा मोजला, पुढे लिहीन' असं तू लिहिलंस. पुढे काहीच नाही. आकडा पाठव.

तुझा
लहानू


आलापल्ली
१६ ऑगस्ट १९८१

चि. लहानूस आशीर्वाद.

माझं पत्र लोकांना वाचून दाखवू नकोस. त्या भैयाजीला तर मुळीच नको. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो. कोणाच्या पाठीवर किती ओझं आहे ते बाहेरून कळत नाही.

दोऱ्याचा आकडा कळवण्यासारखा नाही. हाताविषयी तुला नीट सांगायचं आहे. ते पत्रात जमत नाही. दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. दिवाळीत तू येशील तेव्हा समोर बोलू.

काल शाळेत झेंडावंदनाला गेलो. काठी भिंतीला टेकवून उभा राहिलो आणि डाव्या हातानं सलाम केला. एका मुलीनं विचारलं, गुरुजी, उलटा काहून? मी म्हटलं, सुलटा आजारी आहे.

जयवंता बरी आहे. तुला जय भीम सांगते.

शालिकराम


नंदनवन, नागपूर
६ सप्टेंबर १९८१

दादास जय भीम,

एक काम तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

तुझी रजा नोव्हेंबरात संपते. त्यानंतर आजारपणाची निवृत्ती. एक्कावन्नाव्या वर्षी तू ओट्यावर बसून दुसऱ्या मास्तरचे पाढे ऐकशील, हे मला चालत नाही. म्हणून मी भाऊ या नात्यानं चंद्रपूरच्या शिक्षण कार्यालयात अर्ज दिला, की शालिकराम मास्तर लिहू लागले आहेत, तपासून परत कामावर घ्यावं. कार्यालयानं अर्ज मेडिकल बोर्डाकडे पाठवला. तारीख ९ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा, नागपूर. कागद तुलाही येईल.

पुरावा म्हणून फायलीतलं ५ जुलैचं पत्र काढून जोडलं. त्यावर 'अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेले' असा शेरा मी लाल शाईनं दिला. तू वाचून दाखवू नको म्हणालास, जोडू नको असं म्हणाला नाहीस.

१६ ऑगस्टचं पत्रही भिंगाखाली पाहिलं. शिरोरेषा एकाच ठिकाणी तुटली आहे. सहा आठवड्यांत एवढा फरक दवाखान्यातल्या एकाही पेशंटमध्ये नाही. डाव्या हातानं सलाम केलास, ठीक केलंस, उजवा आताच थकवायचा नाही. पण बोर्डासमोर उजवाच काढ. समोर बोलायचं म्हणतोस ते काय, ते मला समजलं. तुला परत शाळेत जायची भीती वाटते. वाटू दे. मी सोबत आहे.

वहिनी पाच मिनिटांचा वळसा बरोबर देते ना? अक्षरओळख असती तर मी थेट तिलाच लिहिलं असतं आणि तुझा त्रास वाचला असता.

तुझा
लहानू


आलापल्ली
४ ऑक्टोबर १९८१

भाऊजीले जय भीम.

हे पत्र जयवंताचं हाय. आधीचे दोन बी माह्याच हातचे. मास्तर बोलले, मी लिहिलं. त्याइच्या उजव्या हातात अजून पेन राहत नाही.

मी जानेवारीपासून शिकून राहिली. लकवा मारला तवा मास्तर म्हनले, माह्या हाताचं काम गेलं, आता तुह्या हाताले देतो. पोरायले कित्ता द्याच्या त्याइच्या जुन्या वह्या घरी होत्या, त्या मी गिरवल्या. म्हनून वळन त्याइचं आलं. तुमच्या घरी होतो तवा बी, तुमी दुकानात गेले का मी वही काडत होती. तुमाले सांगाची लाज वाटे. तुमी चित्र पाठवलं, पत्रात लिहिलं, वहिनीले वाचता येत नाही. ते मीच वाचलं.

पहिल्या पत्रात मास्तर सांगनार होते. मग म्हनले, त्याले आपोआप ओळखू येते का पाहू, गंमत होईन. तुमचं उत्तर आलं, ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या पत्रात लिहा म्हटलं, तर दिवाळीवर ढकललं.

आता बोर्डाचा कागद आला. दोन दिवस मास्तर जेवले नाही. तीस वर्सं त्याइनं पोरायले सांगितलं, दुसऱ्याच्या पाटीवर आपलं नाव टाकू नका. अन् आज माह्यं अक्षर त्याइच्या नावानं सायबाच्या टेबलावर पडून हाय. ते तुमाले लिहू देत नाहीत, म्हनतात लहानूचं मन मोडन. म्हनून हे मी त्याइले न सांगता लिहून राहिली. पत्ता बी मीच टाकला, पोस्टात बी मीच नेईन.

अर्जातलं ते पत्र वापस घ्या.

सुया मी चुकवल्या नाही, एक बी पाळी नाही. पाय चालते. हात चालत नाही. काहून चालत नाही ते मले मालूम नाही. तुमाले मालूम असन तर सांगा, पर हात पाहून सांगा.

जयवंता


नंदनवन, नागपूर
१८ ऑक्टोबर १९८१

वहिनींस जय भीम,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. दोन दिवस दुकान उघडून बसलो, पण एकाही घड्याळाला हात लावला नाही. मला राग आला होता, हे लपवत नाही. सोमवारी तुमच्यावर, मंगळवारी दादावर. बुधवारी सकाळी ऑगस्टचं पत्र आणि तुमचं पत्र शेजारी ठेवून भिंग लावलं. अक्षर एकच. मी जे जे मोजलं होतं ते सगळं बरोबर होतं. फक्त तो तुमचा हात सुधारत होता.

गुरुवारी चंद्रपूरला गेलो. कारकुनाला सांगितलं की जोडलेलं पत्र माझ्या भावाच्या हातचं नाही. त्यानं विचारलं, मग कोणाचं? म्हटलं, वहिनीचं. तो म्हणाला, मग तुम्ही स्वहस्ते असा शेरा काहून मारला? मी म्हणालो, मला वाटलं. तो म्हणाला, तेच लिहून द्या. मी लिहून दिलं: 'मी हात पाहिला नव्हता. मला वाटलं.' खाली सही केली. त्यानं पत्र परत दिलं. बोर्डाची तारीख मात्र आता हलत नाही, दादाला यावं लागेल. म्हणून दिवाळीत मी येत नाही, इथेच भेटू.

डॉक्टर साहेबांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दादाची फाईल माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, तुमच्याच हातानं दुरुस्त करा. जूननंतरचा प्रत्येक शेरा मी खोडला.

आणि भैयाजी. त्याला सांगणं सगळ्यात जड गेलं. मी तुमचं पत्र वाचून दाखवल्यापासून तो रात्रंदिवस वाटी उचलत होता. खांदा सुजून आला होता आणि त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, भैयाजी, माझा दादा लिहीत नव्हता. माझी चूक झाली. त्यानं वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "म्हनजे मी कामचोर नाही ना गा?"

मी म्हणालो, नाही. त्याचा खांदा शेकून दिला. अजून शेकतो.

दादाला एवढं विचारा, त्यानं मला काहून सांगितलं नाही. मी ऐकून घेणारा माणूस नाही, असंच त्याला वाटलं ना? उत्तर मला अर्धं मालूम आहे, तरी विचारा.

यापुढे आकडे तुम्हीच पाठवा. हललं तर किती ते लिहा. नाही हललं तर 'नाही' लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

तुमचा
लहानू


आलापल्ली
२२ नोव्हेंबर १९८१

चि. लहानूस आशीर्वाद.

हे मी सांगतो आहे आणि जयवंता लिहिते आहे. हे वाक्य आता प्रत्येक पत्रात वरच येईल.

बोर्डाच्या दिवशी तू बाहेर बाकावर बसला होतास. मी बाहेर येऊन 'नाही म्हणाले' एवढंच सांगितलं आणि तुझ्या घरीही त्यावर बोललो नाही. आत काय झालं ते तुला कळायला पाहिजे.

तीन डॉक्टर होते. आधी चालून दाखवा म्हणाले. मी काठी खुर्चीला लावली आणि भिंतीपासून दारापर्यंत जाऊन परत आलो. त्यातले वयस्क होते ते म्हणाले, पायामागे कोणीतरी फार मेहनत घेतली आहे. मी म्हणालो, भावानं आणि बायकोनं. सुयांचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मग पेन दिलं. ते तीन वेळा पडलं. तिसऱ्यांदा तो डॉक्टर स्वतः वाकून उचलायला लागला तेव्हा मी म्हणालो, राहू द्या साहेब, हा हात लिहीत नाही. हे शब्द तोंडातून निघणार नाहीत असं मला महिनाभर वाटत होतं. सहज निघाले. लहानू, त्या खोलीत मी जुलैनंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

शाळा गेली. एका मास्तरच्या शाळेत फळ्यावर लिहिता न येणारा मास्तर ठेवता येत नाही. हे बरोबरच आहे. वाईट वाटतं, तेही बरोबर आहे. मागच्या सोमवारी चाव्या दिल्या.

आता तुझा प्रश्न. तू ऐकून घेत नाहीस म्हणून मी लपवलं नाही. बाबांनी आपल्या दोघांतल्या एकालाच शाळेत घातलं. तो मी. तुला नवव्या वर्षी घडीसाजाच्या दुकानात झाडू मारायला ठेवलं. तू वाचायला शिकलास ते माझ्या पाटीवर उरलेलं पाहून. मास्तरनं भावाला शिकवलं असं लोक म्हणत आले. मी तुला एक दिवस बसवून शिकवलं नाही, तरी मी लोकांना तसं म्हणू दिलं. या वर्षी पहिल्यांदा तू मला काही देत होतास. रविवारचे रविवार, माझं एकेक बोट हातात घेऊन. आणि तुझं ते आनंदाचं पत्र आलं. तू दिलेलं माझ्या हाताला लागलं नाही, असं कोणत्या शब्दांत सांगणार होतो? मी एवढ्या पोरांना शब्द शिकवले, मला एक सापडला नाही.

चूक दोघांचीही आहे. तू न पाहता मोजलंस. मी मोजू दिलं. त्या भैयाजीचा खांदा माझ्याही खाती लाव.

सुया पुढे लावायच्या का? जयवंता हो म्हणते. मला कळत नाही. यावेळी डॉक्टर साहेबांना विचारून सांग, आणि ते म्हणतील तसंच सांग.

शालिकराम


आलापल्ली
२० डिसेंबर १९८१

भाऊजीले जय भीम.

हे माह्यं मीच लिहून राहिली. तुमचं पत्र भेटलं. डॉक्टर सायबानं सांगितलं तसं मार्चपर्यंत सुया लावू. मग बी हात उठला नाही तर थांबू, अन् पायाची मेहनत चालू ठेवू. मास्तरले वाचून दाखवलं, ते बरं म्हनले. ह्या हप्त्याचं लिहिते.

सोमवारी सुया लावल्या. अंगठा, नाही.

मंगळवारी चेंडू दिला, बोटं त्यावर ठेवली तर राहतात, दाबत नाहीत. नाही.

बुधवारी सुया लावल्या. कोपरापासून हात उचलला, घागरीच्या काठावर ठेवला. बोटं उघडली नाही. नाही.

गुरुवारी पेन हातात बांधून पाह्यलं, मास्तरचंच म्हननं होतं. कागदावर रेघ उठली, पर ती खांद्यानं उठली, बोटानं नाही. म्हनून, नाही.

शुक्रवारी मास्तर म्हनले, आजचं लिहू नको, भावाले किती वेळा तेच तेच वाचाले लावशीन. मी म्हटलं, त्याइनं मांगलं हाय. सुया लावल्या. नाही.

शनिवारी मास्तर चालत बाजारात गेले, काठी घरी ठेवून. मी दोन पावलं मागं होती. वापस बी चालत आले, अन् भाजीची थैली डाव्या हातात त्याइनंच धरली.

उजवा हात, नाही.

जयवंता